भोग कुणाचे, सोय कुणाची

मराठीत राज्य भोगतात आणि शिक्षाही भोगतात. एकाच शब्दात सुख आणि यातना अशा शेजारी बसल्यामुळे 'भोग' म्हटले की ऐकणाऱ्याला ते जड, थोडे तत्त्वज्ञानाचे वाटते. दवाखान्याच्या व्हरांड्यात, तेराव्याच्या पंगतीत, कुणाच्या फारकतीची बातमी आल्यावर, अपंग मूल जन्मलेल्या घरातून निघून जिना उतरताना हा शब्द सहज तोंडी येतो : "काय करणार, भोग असतात एकेकाचे." बोलणारा दुष्ट नसतो. बहुधा त्याला हळहळही वाटत असते. पण वाक्य उलगडून पाहिले तर त्यात हळहळ थोडी आणि निकाल जास्त असतो. जे घडले ते कर्माचे फळ आहे. ज्याच्यावर कोसळले त्याच्याच कर्माचे आहे. ते कर्म आपल्याला दिसत नसले तरी कधीतरी, कुठल्यातरी जन्मी घडलेले असणारच. फिर्याद नाही, साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही, तरी निकाल लागलेला असतो. आणि ज्याच्याविरुद्ध तो लागला, त्याला तो सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'माझे भोग' असे माणूस स्वतःविषयी म्हणतो तेव्हा त्यात सोसण्याचे बळ असू शकते, स्वतःशी केलेली तडजोड असू शकते, क्वचित विनोदही असतो. 'तुझे भोग' असे समोरच्याच्या तोंडावर म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. भांडण टोकाला गेल्याशिवाय ते निघत नाही, आणि निघाले की शिवी म्हणूनच ऐकले जाते. 'तिचे भोग', 'त्याचे भोग' हे तिसऱ्या पुरुषातले रूप तेवढे सहज चालते, कारण ती किंवा तो तिथे हजर नसतो. एखादा सिद्धांत प्रथम पुरुषात सांत्वन, द्वितीय पुरुषात शिवी आणि तृतीय पुरुषात शहाणपण ठरत असेल, तर तो जगाविषयी काही सांगतो की बोलणाऱ्याच्या जागेविषयी, अशी शंका घ्यायला हवी. पीडिताला त्याच्याच पीडेसाठी जबाबदार धरणाऱ्या श्रद्धा पीडिताच्या फारशा उपयोगाच्या नसतात. त्या बघणाऱ्याच्या सोयीसाठी टिकून राहतात, असे मला मांडायचे आहे. दुःख का आले हे त्यांना सांगता येत नाही. शेजाऱ्याने आता काहीच करायची गरज का नाही, एवढे मात्र त्या पक्के सांगतात.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा एका रोगाच्या इतिहासात सापडतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाची देहावर कोणती खूण उमटते याची यादी आहे. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, मद्यप्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो, गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याला त्वचारोग जडतो. पुढे 'कर्मविपाक' या नावाने ग्रंथांचे एक दालनच या हिशेबावर उभे राहिले, आणि सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'तल्या अठ्ठाविसाव्या अध्यायामुळे तो हिशेब मराठी घरांत सात दिवसांच्या पारायणात मोठ्याने वाचला गेला. क्षयाची त्यातून सुटका झाली. १८८२मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, पुढे औषधे आली, आणि आज क्षयाच्या रुग्णाला ब्रह्महत्येविषयी कुणी विचारत नाही. त्याची थुंकी तपासायला पाठवतात. कुष्ठरोगाचा जंतू तर त्याच्याही नऊ वर्षे आधी, १८७३मध्ये, नॉर्वेच्या आर्माउर हॅन्सनने शोधला होता. तरीही 'महारोग' किंवा 'रक्तपिती' म्हटले की पाप हा अर्थ त्या शब्दाबरोबर येतच राहिला. असे का व्हावे?

उत्तराचा एक भाग जंतूच्या स्वभावात आहे. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. कधी कधी वीस वर्षेही. शिवाय बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची उपजत ताकद असते, त्यामुळे एकाच छपराखाली राहणाऱ्या दहा जणांपैकी एकालाच रोग होतो आणि नऊ जण कोरडे राहतात. आता हे जंतू माहीत नसलेल्या माणसाच्या नजरेने पाहा. कारण दिसत नाही, कारण आणि परिणाम यांत वर्षानुवर्षांचे अंतर, आणि घरातला नेमका एकच जण निवडल्यासारखा. पूर्वजन्मीच्या पापाची कल्पना इथे मापाने शिवल्यासारखी बसते. मागच्या काळातल्या लोकांनी हे अनुमान काढले याबद्दल त्यांना हसण्यात अर्थ नाही. हातात असलेल्या माहितीवर ते अगदीच वेडगळ नव्हते. पण मधल्या रिकाम्या वर्षांत जंतू वाढत होता हे कळल्यावरही ती जागा पापासाठी राखून ठेवली गेली. ही गोष्ट माहितीच्या अभावावर ढकलता येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या श्रद्धेने स्वतःचा पुरावा स्वतःच तयार केला. कुष्ठरोगाचा सुरुवातीचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा फिकट किंवा लालसर, आणि तिथे स्पर्श कळत नाही, एवढेच. आरोग्य केंद्रातली त्याची परीक्षा फार साधी असते. रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, कापसाच्या टोकाने किंवा पेनच्या टोकाने कातडीला हलकेच स्पर्श करतात आणि जिथे लागले तिथे बोट ठेवायला सांगतात. चांगल्या कातडीवर बोट बिनचूक जाते. चट्ट्यावर स्पर्श केला की बोट हलतच नाही. माणूस डोळे मिटून वाट पाहत राहतो. या टप्प्यावर औषध सुरू झाले तर हात-पाय शाबूत राहतात. पण चट्टा म्हणजे पापाचा पुरावा असेल तर तो दाखवायचा कुणाला? बाईने तो पदराखाली झाकायचा, लग्नाच्या मुलीचा तर आईनेही पाहून न पाहिल्यासारखा करायचा. मधल्या काळात नसा मरतात. हाताला चटका कळत नाही, म्हणून चुलीवरचे पातेले उघड्या बोटांनी उतरवले जाते. चपलेत घुसलेला खिळा दिवसभर पायात तसाच राहतो. जखम चिघळते, हाड झिजते, बोटे आखूड होतात. ज्याला लोक 'बोटे झडली' म्हणतात ते बव्हंशी न कळलेल्या जखमांचे काम असते. आणि मग त्या आखूड बोटांकडे पाहून गाव म्हणते, बघा, पाप कसे फळाला आले. भीतीमुळे उपचाराला उशीर झाला, उशिरामुळे विद्रूपता आली, आणि विद्रूपता पाहून मूळ भीती खरी ठरली. स्वतःला दर पिढीत असे सिद्ध करून घेणारी श्रद्धा खोडून काढणे फार अवघड असते.

कायदाही या वर्तुळाबाहेर नव्हता. १८९८च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यांना डांबून ठेवायची मुभा दिली. तो कायदा २०१६ साली रद्द झाला. दापसोन हे औषध १९४०च्या दशकात आले, अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१मध्ये सुचवली, औषध सुरू झाल्यावर रुग्णाकडून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो हे सिद्ध झाले. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे किंवा विभक्त राहण्याचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यासह पाच कायद्यांत २०१९पर्यंत शाबूत होते. दरम्यान विदर्भात मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६मध्ये अमरावतीजवळ तपोवनात आणि त्यानंतर बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात जे काम उभे केले, त्याची थोरवी सगळे गातात. पण या वसाहती गावापासून दूर का वसवाव्या लागल्या, हा प्रश्न त्या कौतुकात हरवतो. गावाने ज्यांना बाहेर काढले त्यांच्यासाठी गावाबाहेर गाव वसवणाऱ्यांचे आपण सत्कार केले, आणि बाहेर काढण्याचे कारण जिथल्या तिथे राहू दिले.

रोगाचे जे झाले तेच जन्माचे. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात चांगल्या आचरणाचे लोक ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या योनीत जन्मतात आणि वाईट आचरणाचे कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ यांच्या, असे सांगितले आहे. एका समाजाला जनावरांच्या रांगेत बसवले आणि कारण त्याच्याच गेल्या जन्मात ठेवले. या हिशेबाची धग मराठीत कुठे दिसत असेल तर चोखामेळ्याच्या घरात. चोख्याच्या नावावरच्या एका अभंगात आपला महाराचा जन्म हे पूर्वीच्या कृष्णनिंदेचे फळ असल्याचे कबूल केलेले आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तोच फिर्यादीच्या बाजूने साक्ष देतो. त्याची बायको सोयराबाई मात्र विटाळाची कल्पना तर्कानेच उडवते : देह आहे तिथे विटाळ आहे, मग सोवळा देह कुणाचा, असा तिचा रोख आहे. आणि मुलगा कर्ममेळा जाब विचारतो तो थेट विठ्ठलाला. एका छपराखालच्या तीन माणसांनी एकाच दुःखाला दिलेली ही तीन उत्तरे आहेत. यातले पहिले उत्तर देवळाच्या आतल्यांना सोयीचे होते हे उघड आहे, आणि बाकीची दोन अनेक वर्षे कीर्तनात क्वचितच का ऐकू आली याचे कारणही त्यातच आहे. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माच्या कल्पनेचा विचार करताना नेमके यावर बोट ठेवले. गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा कोणता हेतू असू शकतो, असा त्यांचा सवाल होता.

इथे कुणी म्हणेल, हा दोष धर्माचा की माणसाच्या मनाचा? प्रश्न रास्त आहे. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६६मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यावर बराच प्रकाश टाकतो. विद्यार्थिनींना पडद्यावर एक मुलगी दाखवली गेली. उत्तर चुकले की तिला विजेचा झटका बसतो असे त्यांना सांगितले होते. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते खरे वाटत होते. ज्या गटाला तिची सुटका करून तिला मोबदला देण्याची संधी मिळाली, त्यांचे तिच्याविषयी बरे मत राहिले. ज्यांना वाटले की तिचा छळ असाच चालू राहणार आहे आणि आपल्या हातात काही नाही, त्यांनी तिला कमी लेखले. सर्वांत वाईट मत कुठे झाले? जिथे ती दुसऱ्यांच्या भल्यासाठी हे सोसायला तयार झाली आहे असे सांगितले होते तिथे. निरपराध माणसाचा छळ पाहणे सहन होत नाही, आणि छळ थांबवता येत नसेल तर निरपराधपणाच काढून घेतला जातो. लर्नरने याला न्याय्य जगावरचा विश्वास म्हटले. या विद्यार्थिनी अमेरिकेतल्या होत्या, त्यांनी कर्मविपाकाचे नावही ऐकले नसेल. म्हणजे मूळ खोड माणसाची आहे हे मान्य करावे लागते. फरक एवढाच की साध्या खोडीला पुरावा शोधावा लागतो : ती उशिरा का बाहेर पडली, तिने काय घातले होते, त्याने कर्ज कशाला काढले. पूर्वजन्माला पुराव्याचीच गरज नसते. माणूस कितीही सज्जन निघाला तरी त्याचा गुन्हा तपासाच्या पलीकडे सुरक्षित राहतो. मनातल्या एका दुबळेपणाला अपील नसलेले कोर्ट मिळते.

आता कर्मसिद्धांताच्या अभ्यासकाचा आक्षेप घेऊ, कारण तो हलका नाही. तो म्हणेल, तुम्ही सिद्धांताचे विडंबन करता. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आहेत. प्रारब्ध भोगून संपवायचे असले तरी क्रियमाण आपल्या हातात आहे, आणि दुसऱ्याचे दुःख पाहून मदत न करणे हेच तर नवे पाप. म्हणजे हा सिद्धांत माणसाला जबाबदार करतो, निष्क्रिय करत नाही. तत्त्व म्हणून हे मांडता येते यात शंका नाही. पण शिक्षा म्हणजे काय हे आधी ठरवले पाहिजे. ज्या गुन्ह्याची आठवण नाही, जो कोणता होता हे सांगितलेले नाही, आणि ज्या देहाने तो केला तोही आज नाही, त्याची शिक्षा गुन्हेगाराला सुधारू शकत नाही आणि दुसऱ्यांना धडाही देऊ शकत नाही, कारण कशाचा धडा ते कुणालाच माहीत नाही. अगदी खालच्या कोर्टातही आरोपीला आरोप वाचून दाखवतात. शिवाय सगळेच दुःख कर्मातून येते हा आग्रह भारतीय विचारातही सर्वमान्य नव्हता. संयुत्त निकायातल्या सिवक सुत्तात मोळियसिवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणूस जे सुखदुःख अनुभवतो ते सगळे पूर्वकर्मामुळे असते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचे काय? बुद्ध आठ कारणे मोजतो. पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, वागण्या-जपण्यातली हयगय, दुसऱ्याने केलेला आघात. आणि आठवे कर्मविपाक. सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे लोक स्वतःला ठाऊक असलेल्या आणि जगात मान्य असलेल्या गोष्टींच्या पुढे धावतात, असे तो म्हणतो. या यादीतले सातवे कारण मला फार मोलाचे वाटते. दुसऱ्याने मारले म्हणून दुखते, ही साधी शक्यता तिथे स्वतंत्र कारण म्हणून नोंदलेली आहे. नवऱ्याने मारलेल्या बाईचे भोग काढणारे लोक या एका ओळीशी कधी भांडणार?

पण श्रद्धावंतांतल्या सर्वांत थोर माणसाला समोर ठेवल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. १५ जानेवारी १९३४च्या दुपारी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. सीतामढीपासून मुंगेरपर्यंत गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. गांधी तेव्हा अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीर सांगितले. रवींद्रनाथ ठाकुरांना हे पटले नाही. त्यांचे निवेदन गांधींनी आपल्या उत्तरासह 'हरिजन'च्या १६ फेब्रुवारीच्या अंकात छापले, आणि हा सगळा वाद आजही वाचण्यासारखा आहे. रवींद्रनाथांचे म्हणणे सरळ होते : भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात, आणि याच तर्काने सनातनी उद्या हा भूकंप गांधींच्याच माथी मारू शकतील. तसे झालेही, मंदिरप्रवेशाच्या पापाची ही शिक्षा, असे म्हणणारे निघालेच. गांधींचा बचाव असा की ही श्रद्धा मला नम्र करते, आत्मशुद्धीकडे नेते. ती मी विरोधकांवर उगारली तर मात्र ती वाईट ठरेल. म्हणजे त्यांनी ती प्रथम पुरुषात, फार तर 'आपण' या अनेकवचनात धरायचा प्रयत्न केला. पण इथेच ती निसटते. मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली जी माणसे मेली त्यांत अस्पृश्यही असणार. अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा अस्पृश्यांनाही? 'आपण' म्हणताना गांधींनी ज्यांना त्यात धरले, त्यांतल्या अनेकांनी ते पाप केले नव्हते, सोसले होते. आणि हेच गांधी पाच वर्षांनी सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतात, स्वतःच्या हाताने त्यांना मालिश करतात, तेव्हा शास्त्रीबुवांच्या गेल्या जन्माचा उल्लेखही करत नाहीत. आजारी माणूस हातभर अंतरावर आला की सिद्धांत गप्प बसला. मला यात विसंगतीपेक्षा गांधींचा मोठेपणा जास्त दिसतो, पण सिद्धांताच्या बाजूने हा पुरावा होत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपाने पडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे झोपेतच गेली. धक्का जगाच्या मानाने मध्यम होता. मारले ते भिंतींनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, गोट्यांच्या आणि चिखलात रचलेल्या भिंती, आणि वर लाकडावर फूटभर किंवा त्याहून जास्त मातीचा थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारे हे घर हलले की भिंतीचे दगड आत-बाहेर सुटतात आणि छप्पर सगळ्या वजनासकट खाली येते. कुडाच्या भिंतीची, गवताची किंवा पत्र्याची हलकी घरे बऱ्याच ठिकाणी टिकली. पापपुण्याचा हिशेब माळवदावरच्या मातीच्या थराप्रमाणे लागला, असे म्हणायची तयारी असेल तर म्हणावे. चोखामेळाही मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून गेला, असे परंपरा सांगते. तो तिथे का होता, याचे उत्तर 'वेठ' या एका शब्दात आहे. भिंत का पडली हे विचारले की दगड, चिखल, वजन, मजुरी, हुकूम अशा बदलता येण्याजोग्या गोष्टी हाती लागतात. का भोगले असे विचारले की हाती काहीच लागत नाही, आणि पुढच्या खेपेला भिंत तशीच बांधली जाते.

सांत्वनाचा आक्षेप उरतो, आणि तो भावनेला हात घालतो. गरीब, एकट्या, हरलेल्या माणसाला 'भोग सरले की सुख येईल' एवढाच आधार असतो, तो कशाला काढून घेता? आधार मिळत असेल तर तो काढून घ्यायचा मला हक्क नाही, आणि इच्छाही नाही. पण या आधाराचा हिशेब पूर्ण मांडायला हवा. फाटलेल्या ओठाचे मूल जन्मते आणि बाळंतिणीला विचारले जाते : ग्रहणात विळीवर बसली होतीस का? ओठाची आणि टाळूची घडण गर्भारपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होऊन जाते. त्यातल्या काही दिवसांत तर बाईला आपण गरोदर असल्याचे माहीतही नसते. सातव्या महिन्यातले ग्रहण त्या ओठाला काही करू शकत नाही. तरी ती आई शस्त्रक्रियेचा सल्ला घेण्याआधी त्या विळीची आठवण काढत बसते, आणि मुलाकडे पाहताना तिला स्वतःचा अपराध दिसतो. हे सांत्वन आहे का? किंवा पूर्णपणे दुसऱ्याच्या हातून घडणारे दुःख घ्या. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी मदत मागितल्याचे आढळले. ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितले. या गप्प राहण्याची कारणे अनेक आहेत, पैसा, मुले, माहेरची दारे. सगळी 'भोगा'च्या खात्यावर टाकणे हाही आळसच होईल. पण मारणाऱ्याचे नाव न घेता मार सांगता येण्याची सोय भाषेत आधीच करून ठेवलेली असेल, तर गप्प राहणे थोडे सोपे जाते. 'नशिबात होते' या वाक्याला कर्ताच नाही.

ही सारी जुन्या, खेड्यातल्या, अडाणी माणसांची गोष्ट आहे असे समजून शहरी वाचकाने निवांत होऊ नये. रोंडा बर्नच्या 'द सीक्रेट'ने २००६पासून जगभर विकलेला आकर्षणाचा नियम हाच आहे, फक्त पूर्वजन्माच्या जागी विचार बसवला आहे. जे तुमच्या आयुष्यात आले ते तुम्हीच मनाने ओढून आणले. लुईझ हे या लेखिकेच्या १९८४च्या पुस्तकात आजारांपुढे त्यांची मानसिक कारणे मांडलेली यादी आहे. मनुस्मृतीच्या यादीची ही पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात मिळणारी गुळगुळीत कागदाची आवृत्ती. कर्करोग झालेल्या बाईला हितचिंतक सांगतात, मनात काहीतरी साचले असेल, मोकळी हो, पॉझिटिव्ह राहा. केमोथेरपीने केस गळताहेत, तोंड आले आहे, आणि वर आता आपण पुरेसे प्रसन्न नाही याचाही अपराध. औषध लागू पडले नाही तर तेही तिच्याच मनाचे अपयश. इथेही सांगणारा मोकळा होतो. त्याला रात्रीच्या जागरणाला बसायचे नसते, पैशाची जुळवाजुळव करायची नसते. सल्ला देऊन त्याचे काम झालेले असते.

यावर एक शेवटचा, आणि मला सर्वांत चलाख वाटणारा प्रतिवाद असा की वैद्यकशास्त्रही रुग्णालाच दोष देते. तंबाखू खाल्ली म्हणून तोंडाचा कर्करोग, हेल्मेट घातले नाही म्हणून डोक्याला मार. मग कर्मवाद्यांनीच काय पाप केले? शब्दांवर जाऊ नये, पण इथला फरक खरा आहे. तंबाखूचा संबंध तपासता येतो, मोजता येतो, चुकीचा ठरवता येतो आणि बदलताही येतो. त्या साखळीत फक्त खाणारा नसतो. पुडी बनवणारा, विकणारा, कर गोळा करून परवाना देणारा असे बाकीचेही दिसतात, आणि आपण त्यांना प्रश्न विचारू शकतो. डॉक्टर रुग्णाला दटावून मोकळा झाला, पुडी विकणाऱ्याकडे कुणी पाहिलेच नाही, तर तोही भोगाचीच भाषा बोलतोय असे मी खुशाल म्हणेन. कारण सांगणे आणि दोष चिकटवणे यांतली रेघ प्रत्येक वेळी पुन्हा आखावी लागते.

ती रेघ कुठे पडते हे पाहायला पुन्हा त्या चट्ट्याकडेच जाऊ. जगात दरवर्षी नव्याने सापडणाऱ्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशा कार्यकर्त्या घरोघर फिरतात. एखाद्या घरात रुग्ण निघाला की गाव विचारते, या घराण्यात कुणी काय केले असेल? आशाताईही जवळजवळ तोच प्रश्न विचारते : या घरात आणखी कुणाच्या अंगावर असा चट्टा आहे का? दोघांचीही नजर रुग्णावरून घरच्यांकडे वळते. पण तिच्या प्रश्नानंतर सगळ्यांना एकेक करून उजेडात बोलावले जाते, पाठ, दंड, मांड्या पाहिल्या जातात, आणि ज्यांच्या अंगावर काही नाही त्यांना प्रतिबंध म्हणून रिफाम्पिसिनचा एक डोस देतात. ज्याच्या अंगावर चट्टा आहे त्याच्या हातात महिन्याचे फुकट पाकीट ठेवतात, गोळ्या कोणत्या दिवशी घ्यायच्या हे त्याच्यावर छापलेले असते. सहा महिने, फार तर बारा. उपचाराच्या कार्डावर नाव, वय आणि तारीख लिहिलेली असते. कारणासाठी रकाना नसतो.